लाकडाला लावलेली टाकी

आक्काताईच्या हातची टाकी लागलेला पाटा डोळे मिटून ओळखता येतो, असं सांगलीच्या विश्रामबागेतल्या तिच्या जुन्या गिऱ्हाइक बायका सांगतात. पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की त्यावर वाटण नुसतं घसरत राहतं; मग टाकीनं, म्हणजे छोट्या छिन्नीनं, आणि हातोडीनं त्याला पुन्हा खरखरीत करून घ्यावं लागतं. ह्यालाच टाकी लावणं म्हणायचं. काही जणी घाईनं घाव घालतात, एक खोल, एक उथळ. खोल घावात मिरचीचं बी अडकून बसतं आणि उथळ घाव सहा महिन्यांत झिजतो. आक्काताईचे ठिपके म्हणजे ज्वारीच्या कणसात दाणे बसावेत तसे, शेजारी शेजारी, सारख्या उंचीचे. तळहाताला टोचत नाहीत, पण तळहात सरकूही देत नाहीत.

ती मूळची जत तालुक्यातली, कर्नाटकाच्या शिवेवरच्या गावची. धुळाशी लग्न होऊन सांगलीला आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. धुळा खडी फोडायच्या कामावर जायचा आणि सासू घरोघरी टाकी लावत फिरायची. सासूनं सुनेला पहिलं वर्षभर कुणाच्या पाट्याला हात लावू दिला नाही. फरशीच्या तुकड्यावर ठिपके मारायला लावायची आणि संध्याकाळी त्यावर ओलं लुगडं ओढून बघायची. लुगडं सरकलं तरी बोलणी, लुगड्याचा धागा निघाला तरी बोलणी. वर्षाच्या शेवटी एके दिवशी सासू काहीच बोलली नाही. तिनं दुसरी हातोडी काढून सुनेच्या पिशवीत टाकली, एवढंच. त्या दिवसाबद्दल बोलताना आक्काताई अजूनही मान ताठ करते.

आता ती छप्पन्नची आहे. घरोघरी मिक्सर आले, पाटे गच्चीवर नाहीतर नळाखाली गेले, आणि एका गल्लीत दहा घरी थांबणारी आक्काताई आता दोन घरी थांबते. धुळाला दम लागतो म्हणून तो घरीच असतो. सकाळी ती पिशवी उचलायला लागली की तो म्हणतो, "आक्का, त्या मिक्सरला लाव की टाकी एकदा."

"तुमच्या जिभंला लावती," ती म्हणते आणि निघते.

त्या दोन घरांतलं एक शरयूबाईंचं. नवरा-बायको दोघंही बँकेत, घरात सगळ्या सोयी, पण ओल्या खोबऱ्याची चटणी पाट्यावरचीच हवी हा शरयूबाईंचा हट्ट. गेल्या वर्षी मार्गशीर्षात आक्काताई त्यांच्या मागच्या अंगणात पाटा उताणा टाकून बसली होती. इतक्यात फाटक आपटलं आणि शरयूबाईंची मुलगी मयूरी आत आली. वय एकवीस, कॉलेजचं शेवटचं वर्ष. तिनं पाठीवरची काळी पेटी ओट्यावर ठेवली आणि तिथंच पायरीवर बसून राहिली.

"काय झालं गं पोरी?" आक्काताईनं हात थांबवून विचारलं.

मयूरीनं दोन्ही तळवे पुढे केले. नुकतेच पाण्यातून काढावेत तसे ते ओले होते. बोटांच्या टोकांवर घामाचे थेंब दिसत होते.

"हे झालं. जन्मापासून हेच झालंय."

लहानपणापासूनच तिला हा त्रास. वहीचं पान ओलं होऊन शाई पसरायची म्हणून परीक्षेत हाताखाली टीपकागद घेऊन बसायची. शाळेत फुगडी घालताना समोरची मुलगी हात सोडून फ्रॉकला पुसायची. डॉक्टरांनी मलम दिलं, त्यानं थोडं कमी झालं, पण मनावर ताण आला की तळव्यांना पाझर फुटायचाच. आणि नेमका तिला नाद लागला तो नेमबाजीचा. दहा मीटरवरून एअर पिस्तूल मारायचं, एका हातानं, साठ वेळा. कुपवाड रस्त्याच्या एका छोट्या रेंजवर ती चार वर्षं शिकत होती. डोळा चांगला, श्वास स्थिर, सगळं ठीक. पण चाळीस छर्रे झाले की पिस्तुलाची मूठ ओल्या हातात तिळभर फिरायची. दहा मीटरवर तिळभराचं बोटभर होतं.

"पावडर लाव की," आक्काताई म्हणाली.

"लावली. घामात कालवून तिची लापशी होते. रबराचं वेष्टण घातलं, त्याच्या आत पाणी साचलं. मग सॅंडपेपरची पट्टी चिकटवली." मयूरीनं अंगठ्याच्या बेचक्यातली सोललेली कातडी दाखवली. "आज सर म्हणाले, पुढच्या महिन्यात साताऱ्याला स्पर्धा आहे, त्यात नाव द्यायचं का नाही ते ठरव. म्हणजे देऊ नको, असंच ना?"

आक्काताईनं पेटीकडे बोट केलं. "बगू तरी, कसली मूठ हाय ती."

मयूरीनं पेटी उघडताच ती गुडघ्यावर मागे सरली. "अगं यव्वा! बंदूक हाय व्हय! म्या न्हाई हात लावायची."

"अहो, हवेवर चालतं हे. छर्राही नाहीये आत." मयूरीनं तळाचा स्क्रू काढला आणि नुसती लाकडी मूठ वेगळी करून तिच्या हातात दिली. पिस्तुलापासून सुटल्यावर तो एक लाकडाचा तुकडाच होता. आक्रोडाचा, तपकिरी, हाताच्या आकाराला कोरलेला. कारखान्यातून येताना त्यावर बारीक ठिपके होते म्हणे, पण आधीच्या मालकानं वापरून आणि पॉलिश मारून ते पुसून टाकले होते.

आक्काताईनं त्यावर अंगठा फिरवला. मग तळहात फिरवला. तिला हसूच आलं.

"ह्यो तर सासूबाईंचा जुना वरवंटा झालाय. ह्याच्यावर मिरची बी थांबायची न्हाई, तुजा हात काय थांबतोय? टाकी पायजे ह्याला."

मयूरी पहिल्यांदा हसली. मग तिचं हसू थांबलं आणि तिनं समोरच्या पाट्याकडे नीट बघितलं. उजव्या बाजूला टाकी लावून झाली होती, डावी राहिली होती. तिनं ओला हात डाव्या बाजूवर ठेवून ढकलला, सरकला. उजव्या बाजूवर ठेवला. जागचा हलला नाही.

"आक्काताई," ती म्हणाली, "तुम्ही उद्या माझ्याबरोबर रेंजवर याल?"

रेंजवरचे मदन सर फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, माण तालुक्यातले. बोलायला मऊ, पण शिस्तीला कडक. त्यांनी आक्काताईला खुर्ची दिली, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मुठीवर ठिपके चालतात, हे त्यांना ठाऊक होतं. नियमानं चिकट काही लावायला मनाई होती, लाकूड खरखरीत असायला नव्हती. पण ही मूठ बिघडली तर दुसरी लवकर मिळायची नाही. म्हणून त्यांनी आधी सागवानाचा एक टाकाऊ तुकडा पुढे केला.

आक्काताईनं पिशवीतून टाकी काढली, मांडी घातली आणि पहिला घाव घातला. चर्र करून लाकूड उभं उकललं. दुसरा घाव जरा हलका घातला, तर ठिपक्याऐवजी कपची उडाली. तिसऱ्या घावाला तुकड्याचा कोपराच गेला. तिच्या कपाळावर घाम आला. छत्तीस वर्षं दगडाशी ओळख होती. लाकूड हे परकं माणूस निघालं.

"राहू द्या मावशी," मदन सर मायेनंच म्हणाले. "दगडाची गोष्ट वेगळी. तुम्ही आलात हेच पुष्कळ."

ते 'राहू द्या' तिच्या मनाला लागलं. आजवर कुणी तिला हातातलं काम खाली ठेवायला सांगितलं नव्हतं. तिनं तो फुटका तुकडा पिशवीत टाकला.

"आट दिस द्या मला," ती म्हणाली. "तवर ह्या मुठीला दुसऱ्या कुणाला हात लावू दिऊ नगा."

घरी येऊन तिनं धुळाला काही सांगितलं नाही. ओळखीच्या सुताराकडून सागाचे, शिसवाचे तुकडे मागून आणले आणि दारात बसून ठोकायला लागली. धुळा दोन दिवस बघत राहिला. तिसऱ्या दिवशी तो येऊन शेजारी बसला.

"दगडाला टाकी तोडती," तो म्हणाला. "लाकडाला तोडू नगंस. दाब. आंबाडीच्या दोरीचा पीळ दाबला तर बसतो, कापला तर उसवतो. तसंच हाय ह्ये."

आक्काताईनं त्याच्याकडे बघितलं. "एवढी अक्कल हाय, तर मिक्सरच्या गोष्टी कशाला सांगत बसता रोज?"

पण म्हणणं तिला पटलं होतं. दुसऱ्या दिवशी ती लोहाराकडे गेली आणि जुन्या झिजलेल्या टाकीचं टोक घासून मुगाच्या दाण्यासारखं गोल करून आणलं. आता घाव घातला की लाकडाचा धागा तुटत नव्हता, खाली दबत होता, आणि खळगीभोवती बारीकशी कड उभी राहत होती. ठिपके लाकडाच्या रेषेवर एका ओळीत मारले तर ती रेषा उकलते, हेही तिच्या ध्यानात आलं. मग तिनं ते एकाआड एक, चुकवून चुकवून मारले. सातव्या दिवशी शिसवाच्या तुकड्यावर हाताएवढी जागा तिनं अशी भरून काढली की धुळानं त्यावरून ओला हात ओढला आणि नुसतं "व्हय" म्हटलं.

आठव्या दिवशी ती रेंजवर हजर. मदन सरांनी तुकडा हातात घेतला, तोंडावर पाण्याचा हबका मारावा तसं त्यावर पाणी मारलं आणि मूठ आवळली. सोडली, पुन्हा आवळली. मग त्यांनी कपाटातून मयूरीच्या पिस्तुलाची मूठ काढून आक्काताईच्या पुढ्यात ठेवली.

तिनं लगेच टाकी काढली नाही. आधी मयूरीला हात धुऊन पुसायला लावले. मग पदराच्या गाठीतून हळद काढली आणि मुठीवर भुरभुरवली.

"आता धर. मारताना धरतीस तशी. आनि मी थांब म्हनस्तवर धरून ऱ्हा."

मयूरी दहा मिनिटं हात लांबवून उभी राहिली. मूठ सोडली तेव्हा लाकडावर सगळा नकाशा उमटला होता. जिथं हात नुसता टेकत होता तिथं हळद कोरडी पिवळी. जिथं दाब होता तिथं ती पुसलेली. आणि तळव्याच्या खालच्या गादीपासून करंगळीपर्यंत ओल्या हळदीचा गडद ओघळ गेलेला.

"बगा, पानी हितनं खाली येतंय," आक्काताईनं ओघळावर बोट ठेवलं, "आनि हितं साचतंय. निस्तं ठिपकं मारून भागायचं न्हाई. पान्याला वाट काडून द्याय पायजे. जात्याच्या पाळूला, खालच्या दगडाला, आमी मधनं कडंला चर काढतो, पीठ भाईर पडाया. तसंच."

मदन सर वाकून बघत होते. "मी चार वर्षं हिला घाम पूस म्हणून सांगतोय," ते म्हणाले. "कुठून येतो ते बघितलंच नाही."

तीन दिवस आक्काताई रेंजच्या व्हरांड्यात बसून काम करत होती. आधी जुनं पॉलिश काचेच्या तुकड्यानं खरवडून काढलं. दाबाच्या जागी ठिपके दाट आणि ठसठशीत मारले, अंगठ्याच्या बेचक्यात, जिथं कातडी सोलली होती, तिथं अगदी हलके. मधून तीन बारीक चर तिरपे खाली उतरवले. चाप ओढायच्या बोटाच्या बाजूला तिनं टाकी लावलीच नाही. "ते बोट धरायचं न्हाई, सरकायचं हाय," ती म्हणाली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मयूरीला मारताना बघून बघून तिनं ओळखलं होतं.

शेवटी मदन सरांनी जवसाच्या तेलाची बाटली आणली तेव्हा मात्र दोघांचं वाजलं.

"तेल? आवं, एवढं मरमर करून खरखर आनली आनि त्येल ओतताय व्हय?"

"मावशी, कोरडं लाकूड घाम पितं आणि फुगतं. फौजेत आम्ही रायफलच्या लाकडाला हेच चोळायचो. थेंबभर घ्यायचं, मुरवायचं, पुसून काढायचं."

"घसरलं तर?"

"घसरलं तर तुम्ही माझ्या टाळक्याला टाकी लावा."

ती हसली आणि तयार झाली. चार दिवस तेल मुरलं. पाचव्या दिवशी मयूरीनं साठ छर्रे मारले. मदन सरांनी मुद्दाम दर दहा छर्ऱ्यांनंतर तिला मोठ्यानं गुण सांगून तिच्यावर ताण आणला. हात भिजला, करंगळीखालून घाम ठिबकताना दिसला, पण मूठ जागची हलली नाही. संपल्यावर मयूरीनं पिस्तूल खाली ठेवलं आणि आक्काताईचा हात हातात घेतला. मग एकदम लाजून ओढून घ्यायला लागली.

"ऱ्हाऊ दे की," आक्काताई म्हणाली आणि तिनं तो ओला हात चांगला घट्ट धरून ठेवला.

साताऱ्याच्या स्पर्धेला मयूरीनं नाव दिलं. आक्काताईनंही यायचं, असा तिचा हट्ट. आक्काताईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं आणि मदन सर, मयूरी, शरयूबाई ह्यांच्याबरोबर सकाळच्या एसटीनं निघाली. कऱ्हाड ओलांडेपर्यंत ती खिडकीतून बघत होती, मग तिनं मयूरीची पेटी आपल्या मांडीवर घेतली.

स्पर्धेआधी हत्यारं तपासायचं टेबल होतं. तिथं चष्मेवाल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी पिस्तूल मापाच्या पेटीत घालून मोजलं, वजन केलं, आणि मूठ बघताच थांबल्या. पांढरं फडकं घेऊन त्यांनी ती चोळली. फडक्यावर चिकट डाग उठला नाही. त्यांनी मूठ उजेडात तिरपी धरली.

"मशीनवर करून घेतलंय का?"

"नाही मॅडम. हातानं. ह्यांनी." मयूरीनं मागे उभ्या असलेल्या आक्काताईचं कोपर धरून तिला पुढे आणलं.

बाईंनी आक्काताईकडे, तिच्या हिरव्या लुगड्याकडे, तिच्या जाड बोटांकडे बघितलं. "तुम्ही काय काम करता, मावशी?"

"टाकी लावती," आक्काताई म्हणाली. मग आवाज जरा उंच करून पुन्हा म्हणाली, "पाट्याला, वरवंट्याला, जात्याला टाकी लावती मी. सांगलीत."

बाईंनी पिस्तुलाला पास झाल्याची चिठ्ठी लावली आणि परत देताना मूठ स्वतःच्या हातात एकदा धरून बघितली. त्याची खरं तर काही गरज नव्हती.

नेमबाजी म्हणजे गलका असेल, अशी आक्काताईची कल्पना होती. आत देवळातल्यासारखी शांतता होती. बारा मुली ओळीनं उभ्या, समोर इवलेसे काळे गोल, वर पडद्यावर आकडे. ते आकडे तिला कळत नव्हते. शरयूबाई कानात सांगायला लागल्या, तर तिनं हातानंच त्यांना गप्प केलं. ती दुसरंच मोजत होती. मयूरी पूर्वी दर तिसऱ्या छर्ऱ्याला पिस्तूल ठेवून हात पुसायची, हे तिनं रेंजवर पाहून ठेवलं होतं. आज पहिल्या वीस छर्ऱ्यांत एकदा पुसला. चाळीस झाले, तीनदा. मग शेजारच्या मुलीचे गुण भराभर वाढायला लागले, आणि मयूरीचा खांदा ताठरला. मयूरीनं पिस्तूल खाली घेतलं, एक लांब श्वास सोडला, आणि हात न पुसताच पुन्हा उचललं.

साठ छर्रे संपले तेव्हा तिनं पाच वेळा हात पुसला होता. मयूरी बाहेर आली ती रडतच.

"कितवी आलीस?"

"पाचवी."

"मंग रडतीस कशाला? पाचवी म्हंजी काय कमी हाय?"

"अहो, सहाशेपैकी पाचशे त्रेसष्ट झाले! आजवर कधी साडेपाचशेच्या पुढे गेले नव्हते मी. शेवटच्या दहात शहाण्णव. राज्याच्या स्पर्धेला निवड झाली." आणि ती शरयूबाईंना सोडून आधी आक्काताईच्याच गळ्यात पडली. मदन सर बाजूला उभे राहून चष्मा पुसत होते. तो त्यांनी बराच वेळ पुसला.

तेवढ्यात साताऱ्याचीच ऋचा नावाची मुलगी आली. ती दुसरी आली होती. तपासणीच्या टेबलावर तिनं ती मूठ पाहिली होती. "मावशी, मला अगदी अशीच करून द्याल?" तिनं विचारलं.

आक्काताईनं तिचा तळहात ओढून घेतला. उलटा केला, सुलटा केला, अंगठ्याची गादी दाबून पाहिली. हात लहान होता आणि जवळजवळ कोरडा.

"अशीच न्हाई द्यायची," ती म्हणाली. "ही तिच्या हाताची हाय. तुजा हात कोरडा, तुला ही टोचंल. सांगलीला ये, आट दिस काड, तुजा हात बगते, मंग तुजी करू."

"आठ दिवस?"

"पाट्याला अर्धा दिस लागतो. मानसाच्या हाताला आट."

मदन सरांनी तिथल्या तिथं त्या मुलीला रेंजचा पत्ता लिहून दिला. परतीच्या एसटीत आक्काताईला झोप लागली नाही. ती स्वतःच्याच बोटांकडे बघत बसली होती, आणि मयूरी तिच्या खांद्यावर डोकं टेकून कऱ्हाडपर्यंत घोरत होती.

सांगलीत वस्तीच्या तोंडाशी उतरली तोवर शरयूबाईंचा फोन धुळापर्यंत पोचला होता. चहाच्या गाड्यावर सात-आठ जण जमले होते आणि मधे धुळा, दम लागत असतानाही, हात उडवून सांगत होता, "साताऱ्याची मोटी बाई उटून हुबी ऱ्हायली म्हनं! म्हनली, ही बंदूक कुनी बनिवली? आमच्या आक्कानं बनिवली!"

"बंदूक न्हाई वं," आक्काताई मागून म्हणाली. "मूठ. आनि बनिवली बी न्हाई. टाकी लावली."

"त्येच त्ये!" धुळा म्हणाला आणि त्यानं गाडेवाल्याला आणखी एक चहा सांगितला. आक्काताईनं पिशवी खांद्यावरून काढून त्याच्याशेजारी बाकावर ठेवली, चहाचा पहिला घोट घेतला आणि समोरच्या लोकांना म्हणाली, "नीट सांगते, ऐका."